जाळीच्या पाठीचा हेडफोन

लग्नानंतर कुणी विचारलं, माहेरून काय आणलंस, की मी सांगायचे, सोल्डरिंग आयर्न. बायका हसायच्या. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे, कारण ते खरंच होतं. वडिलांचं जव्हारला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकानातलं जे उरलं ते भावाने मला देऊन टाकलं. डाख द्यायचं ते आयर्न, मीटर, पक्कड, चिमटे, त्यांचं कामाचं टेबल आणि सुट्या भागांचे गंजके डबे. भावाला त्यात रस नव्हता, तो जहाजावर नोकरी करायचा. मला मात्र लहानपणापासून त्या वितळलेल्या सोल्डरच्या वासाचं वेड. इतर मुली भातुकली खेळत तेव्हा मी वडिलांच्या टेबलाखाली बसून बंद पडलेल्या स्पीकरचे लोहचुंबक काढत असे.

भाऊ एकदा रजेवर आला आणि पिशवीतून एक हेडफोन काढून त्याने माझ्यापुढे टाकला. "जर्मन आहे. जहाजावर कुणीतरी फेकायला काढला होता. एका बाजूने मुका आहे. घे, तुला खेळायला."

खेळायला! तो हेडफोन हातात घेतल्याबरोबर मला कळलं की ही वस्तू वेगळी आहे. आपल्याकडे मिळायचे ते हेडफोन म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीला लावलेली दोन बटणं. हा कानभर बसणारा, जड, आणि दोन्ही वाट्यांची पाठ बंद नसून बारीक जाळीची. आतला आवाज कोंडून राहू नये, मोकळा वाटावा म्हणून ती तशी ठेवलेली असते. त्याचा तोटा एवढाच की ऐकणाऱ्याच्या कानातलं गाणं शेजारी बसलेल्यालाही थोडं थोडं ऐकू येतं. मला तोटा वगैरे काही वाटलं नाही. वाटीच्या गादीचा स्पंज चुरा होऊन हातावर पडत होता, डोक्यावरच्या पट्टीला बुरशी आली होती, आणि मी येडी त्याच्याकडे बघून खुळ्यासारखी हसत होते.

तुटलेली वायर पिनेपाशी सापडली. ती नेहमी तिथेच तुटते, वायर सगळ्यात जास्त मुडपली जाते तिथे. गाद्यांसाठी मोखाड्याच्या बाजारातून मखमलीचा तुकडा आणला. मी मोखाड्याला पंचायत समितीत कारकून होते, रोज जव्हारहून जीपने जायचे, तेव्हा आठवड्याच्या बाजारादिवशी जेवणाच्या सुट्टीत असली खरेदी व्हायची. मखमल विकणाऱ्याने विचारलं, "ब्लाऊजला का?" मी म्हटलं, "नाही, कानाला."

एवढं करून लावला तर आवाज अगदी मिणमिणता. त्या हेडफोनला वॉकमनचा जोर पुरेना. मग वडिलांच्या डब्यांतून भाग निवडले आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक छोटा अँप्लिफायर बसवला. एका रविवारी दुपारी टेपला जोडला आणि कानावर ठेवला. भजनाची कॅसेट होती, आमच्या घरात कित्येक वर्षं वाजलेली, पाठ असलेली. पण ओळ उचलायच्या आधी गाणारी बाई श्वास घेते हे मला माहीत नव्हतं. पेटी वाजवणाऱ्याच्या बोटातली अंगठी पेटीच्या लाकडाला लागून टक्क होते हेही माहीत नव्हतं. मागे कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्या. मी तशीच बसून रडले. आनंदाने रडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. कोणाला सांगायची सोय नव्हती.

नंतर हे रोजचंच झालं. कचेरीतून आलं, हातपाय धुतले, चहा झाला, की थोडा वेळ मी आणि माझा हेडफोन. मालक, म्हणजे माझे यजमान, जामसरला शाळेत मास्तर. ते शांत माणूस, "चालू दे तुझं" म्हणायचे. आम्ही जव्हारला भाड्याच्या माडीवर राहत होतो. खाली किराणा दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि जमीन जुन्या सागाच्या फळ्यांची. कुणी नुसतं पाणी प्यायला उठलं तरी साऱ्या घराला कळायचं. वडिलांच्या दुकानावरही अशीच माडी होती. तिथे ते रेकॉर्ड लावायचे तेव्हा आम्हा भावंडांना हलायची बंदी असे. एक पाऊल टाकलं की फळी थरथरायची, आणि सुई उडून गाणं पुढच्या कडव्यावर. मग बोलणी बसायची.

मला दिवस गेले तेव्हाही माझं ऐकणं चालूच होतं. उलट जास्तच. बाळंतपणाला जामसरहून सासूबाई आल्या, मुलगी झाली, आणि नातीच्या ओढीने त्या कायमच्या राहिल्या. कष्टाळू बाई, भाताच्या शेतात आयुष्य गेलेलं, आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर सहज जावा. त्यांना माझं ते ध्यान पहिल्यापासून खटकलं. "कानात भोंगे घालून बसते," असं त्या खाली दुकानात येणाऱ्या बायकांना सांगायच्या. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पोरीला त्याच सांभाळत होत्या, म्हणून मी दात खाऊन गप्प.

पोरगी दिसायला गोड, हसरी, भारी चपळ. वर्षाची झाली, चालायला लागली. दोन वर्षांची झाली. बोलेना. अं अं करायची, हात धरून ओढत न्यायची, पण "आई" नाही, "बाबा" नाही, काहीच नाही.

"बोलेल," सासूबाई म्हणायच्या. "तिचा बाप पण उशिराच बोलला. आता मास्तर झालाय ना?"

मालक म्हणायचे, "माझ्या वर्गात अशी कितीतरी पोरं येतात. घरी बोलतात एक, शाळेत मराठी दुसरी. वेळ लागतो गं."

आमच्या घरात सगळे मराठीच बोलत होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मलाही त्यांचं म्हणणं हवंच होतं.

कुणी जास्त खोदून विचारलं की सासूबाई परीक्षा घेऊन दाखवायच्या. तान्ह्या मुलाला ऐकू येतं का ते त्यांच्याकडे असंच बघत आले होते. पोरगी खेळत असली की तिच्या मागे बसायचं, पितळेची थाळी जमिनीवर पालथी घालायची आणि पळीने ठणकन् हाणायची. पोरगी झटकन् मान वळवायची.

"बघा! फिरली ना? आयकते पोरगी माझी!" सासूबाई ओरडायच्या. पाहुण्या समाधानाने चहा पिऊन जायच्या. मीसुद्धा. किती वेळा मी स्वतः त्यांना म्हटलं असेल, "आई, परत एकदा वाजवा ना." तो ठणका ऐकून पोरीने वळून बघितलं की माझ्या जिवात जीव यायचा.

दिवाळीनंतर भात झोडायला आम्ही सगळे जामसरला गेलो. अंगणात खळं केलेलं, शेणाने सारवून दगडासारखं घट्ट. पोरगी कडेला बसून खडे मांडत होती. माझी जाऊ पाण्याचा हंडा डोक्यावरून उतरवत होती, तो तिच्या हातून निसटला आणि पोरीच्या मागे, अगदी दोन हातांवर, धाडकन् पडला. कोंबड्या फडफडत पळाल्या. झोडणाऱ्यांचे हात थांबले. ओटीवर झोपलेलं शेजारचं तान्हं पोर किंचाळून उठलं.

आमची खडे मांडत होती. वाहत आलेलं पाणी पायाला लागलं तेव्हा तिने मागे बघितलं.

"खेळात गुंगली," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांसमोर वडिलांच्या रेकॉर्डवरची सुई उडाली. जव्हारला थाळी फळीवर वाजत होती. फळी थरथरत होती आणि ते थरथरणं बसलेल्या पोरीच्या अंगाला कळत होतं. इथे शेणाची जमीन, तिच्यातून काही जात नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि मी रेडिओवाल्याची पोर, दीड वर्ष त्या ठणक्यावर विश्वास ठेवून बसले होते! मी तशीच उठून गोठ्यामागे गेले.

जव्हारला आल्यावर मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "फळीचं काय घेऊन बसलीस? मुलं नाही का लक्ष देत कधी कधी?" पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, खरं काय ते बघायला एक उपाय आहे. हेडफोन. त्याला फळी लागत नाही, त्याची सावली पडत नाही, वारा लागत नाही. त्यातल्या आवाजाला कानाखेरीज दुसरी वाट नाही.

"मग बघ," ते म्हणाले.

तर बघ! माझा हेडफोन पावसाळ्यापासून डाव्या बाजूने बंद होता. जव्हारचा पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांना केस उगवतात, तिथे त्या बारीक तारांचं काय होणार? मी म्हटलं, आधी दुरुस्त करते. या वेळी वायर पिनेपाशी शाबूत होती, तार आतल्या स्पीकरपाशी कुजली होती. ती केसाहून बारीक. जरा जास्त ताप लागला की वितळून गायब. मी रोज कचेरीतून येऊन त्याच्यापुढे बसायचे आणि रोज काहीतरी कारण निघायचं. आज लोडशेडिंग. आज हात थरथरतोय. आयर्नचं टोकच जाड आहे, नवं आणायला हवं. गाद्याही बदलून घेते लगे हाथ. मोखाड्याच्या बाजारात मखमल मिळत होती तरी मी म्हटलं, हा रंग नको.

त्यात एक दिवस सासूबाईंनी तोंड उघडलं. पोरगी माझ्या टेबलापाशी येऊन वायर ओढत होती, त्यांनी तिला उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोटात पोर असताना कानात भोंगे. दिवस नाय बघितला, संध्याकाळ नाय बघितली. पोरीला आवाज सोसला नसंल. तवाच बसली जीभ तिची."

मी हातातला चिमटा भिंतीवर फेकून मारला. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. पण भांडून झाल्यावर मी मोरीत जाऊन बसले आणि मला एकच भीती होती, की बाई खरं बोलतेय. मी रोज ते कानात घालून बसत होते. सुखात होते मी. माझ्या सुखाची किंमत पोटातल्या जिवाने मोजली असेल तर?

त्यानंतर आठ-पंधरा दिवस मी आयर्नला हात लावला नाही. शेवटी मालकांनी विचारलं. ते असं कधी विचारत नसत. वह्या तपासत होते, मान वर न करता म्हणाले, "डावी बाजू बंद आहे ना?"

"हो."

"आणि उजवी?"

"उजवी वाजते."

"मग एका बाजूने नाही का बघता येणार?"

मी अंगावर धावून गेल्यासारखी ओरडले. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? दोन्ही बाजू सारख्या वाजल्याशिवाय बघून काय उपयोग? अर्धवट मशीनवर पोरीची परीक्षा घेऊ?" असं बरंच काही. माझं ओरडणं संपल्यावर त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मलाही भीती वाटते गं."

दुसऱ्या दिवशी मी तार जोडली. हात अजिबात हलला नाही. जोडल्यावर पेन्सिल सेल पिनेला टेकवून बघतात, आत टक्क वाजलं की बाजू जिवंत. उजवीकडे टक्क. डावीकडे टक्क. आता मला कुठलंच कारण उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी फळीवर गोधड्यांच्या घड्या रचल्या आणि त्यावर पोरीला बसवलं. हेडफोन तिला फारच मोठा, म्हणून डोक्यावर दुपट्याची घडी ठेवून वर पट्टी बसवली. तिला गंमत वाटली. दोन्ही हातांनी वाट्या चाचपून बघितल्या आणि खुदखुदली. मालक दाराला टेकून उभे. सासूबाई आत भाकऱ्या थापत होत्या.

मी तीच भजनाची कॅसेट लावली. बटण माझ्या रोजच्या जागेवर ठेवलं. गाणाऱ्या बाईने श्वास घेतला असेल, अंगठी पेटीला लागली असेल. पोरीने वायर तोंडात घातली.

मी आवाज वाढवला. ती वायर चघळत होती. आणखी वाढवला. तिने माझ्याकडे बघून वायर पुढे केली, घे म्हणून. मी बटण कधी नेलं नव्हतं तिथपर्यंत नेलं. जाळीतून गाणं बाहेर सांडायला लागलं. ओळ न् ओळ कळावी इतकं खोलीभर.

आतून पीठ लागलेल्या हातांनी सासूबाई धावत आल्या. "अगं अगं अगं! केवढा तो आवाज! काढ ते! कान फुटतील पोरीचे!"

आणि तिथेच, उंबऱ्यावर, थांबल्या.

पोरीने आजीला बघितलं, हसली आणि दोन्ही हात वर केले, मला घे म्हणून. तिच्या दोन्ही कानांवरून ते गाणं दारापर्यंत ऐकू येत होतं. आजीला येत होतं. खाली दुकानातसुद्धा जात असेल.

मी टेप बंद केली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी हललं नाही. सासूबाई हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर लावलाय ना? परत एकदा लाव."

"नको," मी म्हटलं. "आई, तिला ऐकू येत नाही."

हे वाक्य घरात पहिल्यांदा कुणी बोललं. मालक जिना उतरून गेले, अनवाणीच. मी हेडफोन काढला तेव्हा पोरीच्या कानाची पाळी मखमलीने गरम झाली होती. मी ती पाळी हातात धरून बसले.

नाशिकला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सासूबाईही हट्टाने आल्या. तपासण्या झाल्या. जे मला जाळीने सांगितलं होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं, जरा सावकाश आणि कागदावर रेषा काढून. अगदी थोडं, तेही फार मोठं असलं तर, ऐकू येतंय. मी विचारलं, पोटुशी असताना मी हेडफोन लावायचे, त्याने झालं का? सासूबाई शेजारीच होत्या. डॉक्टर म्हणाले, "छे हो, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मनातून काढून टाका." मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पोरीच्या फ्रॉकची नाडी बांधत होत्या, आधीच बांधलेली. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि घाटात मोसंबं सोलून फोडी माझ्या हातावर ठेवल्या. मी फोडी खाल्ल्या. पण माझा राग गेला नाही. आज लिहितानाही पुरता गेलेला नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

पोरीला मशीन मिळालं. तेव्हाचं मशीन म्हणजे छातीवर काडेपेटीपेक्षा मोठी पेटी, त्यातून वायर वर जाऊन कानात. त्याने तिला कुकरची शिट्टी कळायला लागली, जीपचा हॉर्न कळायला लागला. वायर मात्र सारखी तुटायची, आणि कुठे? पिनेपाशी. नाशिकला पाठवून वाट बघत बसलं तर पोरीचे तेवढे दिवस पुन्हा मुके. मग मी वडिलांचं टेबल मोकळं केलं. हेडफोनने शिकवलेलं सगळं त्या वायरींवर कामाला आलं.

हेडफोन मी बिस्किटाच्या डब्याशेजारी गुंडाळून ठेवला होता. एकदा घरात कुणी नसताना लावला. श्वास, अंगठी, बांगड्या, सगळं जागच्या जागी होतं. मला ते ऐकू येतंय याची इतकी लाज वाटली की मी ओळ संपायच्या आत काढून ठेवला.

पुढल्या पावसाळ्यातली गोष्ट. मशीनची वायर पुन्हा तुटली होती आणि मी टेबलाशी आयर्न तापायची वाट बघत बसले होते. पोरगी खिडकीशी, पाठ आमच्याकडे, बाहेरच्या पागोळ्या बघत. सासूबाईंनी पान वाढलं आणि सवयीने हाक मारायला तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड तसंच मिटलं. थाळी कोनाड्यात होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पदर खोचला आणि फळीवर दोनदा पाय आपटला.

पोरगी वळली. आजीने हाताने घास केला, तोंडाकडे नेला. पोरगी धावत येऊन पानावर बसली.

"आयकते पोरगी माझी," असं त्या वेळी कुणी म्हटलं नाही. सासूबाईंनी भात कालवला, आणि मी वायर जोडायला घेतली.